वठारातली माणसं जागेवर आहेत

पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना लागून असलेल्या एका सरकारी कन्नड शाळेत मी बरीच वर्षं शिकवते आहे. चौथीचा वर्ग माझा. घरी आम्ही मराठी बोलतो, म्हणजे आमची मराठी. पुण्याहून किंवा नागपूरहून नव्याने आलेलं कुणी ती ऐकली की आधी थबकतं आणि मग विचारतं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मूळच्या इथल्याच. आमचे पूर्वज कधी काळी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे उतरले आणि परत गेले नाहीत. माझ्या आईचे सगळे हिशेब कन्नडात चालायचे आणि रागावणं मराठीत.

शाळेत शिकवण्याखेरीज आणखी एक काम माझ्याकडे आहे, मतदार यादीचं. एका मतदान केंद्राच्या हद्दीत कोण नवीन राहायला आलं, कोण सोडून गेलं, कोण वारलं, कुणाला अठरा वर्षं पूर्ण झाली, हे दारोदार जाऊन बघायचं आणि वर कळवायचं. सरकारी भाषेत या माणसाला बीएलओ म्हणतात. बरेच शिक्षक हे काम टाळायला बघतात, कारण ते शाळा सांभाळून करावं लागतं आणि उन्हातान्हात पायपीट होते. मी कधी टाळलं नाही. मला लोकांच्या दारात जायला आवडतं. शिवाय, खोटं कशाला बोलू, मला ते चांगलं जमतं.

माझ्या हद्दीचे सरळ दोन भाग आहेत. मोठ्या रस्त्याच्या एका बाजूला उंच अपार्टमेंट आहे, फाटकावर वॉचमन, आत लिफ्ट. दुसऱ्या बाजूला गल्ल्या, आणि त्या गल्ल्यांच्या टोकाला एक वठार. इथे वठार म्हणजे एका मालकाची एकखोली घरांची रांग. मध्ये अंगण, अंगणात सगळ्यांचा मिळून नळ. वठारात राहणारी बहुतेक कुटुंबं कलबुर्गी-रायचूरकडची आहेत. पुरुष पीण्यातल्या लेथच्या, पॉलिशच्या, पावडर कोटिंगच्या शेडमध्ये कामाला, बायका कपडे शिवायच्या कारखान्यात. यातली कित्येक माणसं तिथे राहायला आली तेव्हा माझे केस काळे होते. त्यांची मुलं माझ्या वर्गात होती, आता त्या मुलांचीही लग्नं होऊ लागली आहेत.

निवडणूक जवळ आली होती. एका दुपारी मधल्या सुटीत मी फोनमधलं यादीचं अ‍ॅप उघडलं, तर नावं काढून टाकण्यासाठी अर्ज आलेले. एखाददुसरा अर्ज नेहमीच असतो. कुणी वारलेलं असतं, कुणाची बदली झालेली असते. पण या वेळी खाली सरकवत गेले तसे अर्ज संपेचनात. सगळे त्या वठारातले आणि त्याला लागून असलेल्या गल्लीतले. कारण सगळ्यांचं एकच : या पत्त्यावर राहत नाही.

मला आधी वाटलं, अ‍ॅप अडकलंय. मग मी नावं नीट वाचली. त्यातल्या एका बाईला मी त्याच सकाळी पाहिलं होतं. मुलाचा विसरलेला डबा द्यायला ती शाळेच्या फाटकाशी आली होती आणि कारखान्याच्या गाडीची वेळ झाली म्हणून पळत गेली होती. अर्जाप्रमाणे ती इथे राहतच नव्हती.

अर्ज कुणी दिला त्याचंही नाव असतं. तेही सगळीकडे एकच होतं, आणि ते वाचून मला खरा धक्का बसला. गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं शिलाईचं दुकान आहे, त्या टेलरमामांचं. ते आमच्याच समाजातले. नात्याने मामा नव्हेत, पण माझ्या लग्नाच्या ब्लाउजांची मापं घ्यायला ते आमच्या घरी आले होते, तेव्हापासून मी त्यांना मामाच म्हणते. आमच्या शाळेचे गणवेश तेच शिवतात. त्या वठारातल्या प्रत्येक पोराला त्यांनी एकदा तरी स्टुलावर उभं करून मापलेलं आहे.

स्टाफरूममध्ये शेजारच्या बाईंना मी फोन दाखवला. त्यांच्याकडेही यादीचं काम आहे. त्या म्हणाल्या, "एवढं काय डोकं घालायचं त्यात? एक चक्कर मार. दाराला कुलूप दिसलं की राहत नाही असं लिही. अर्ज दुसऱ्याने दिलाय, तुझ्यावर काही येत नाही."

"अकरा वाजता गेलं तर मीही घरी सापडत नाही," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि वह्या तपासायला लागल्या.

तरी मी त्या दिवशी शाळा सुटताच चक्कर मारून आले. बहुतेक दारांना कुलूप होतं. एक म्हातारी अंगणात मिरच्या वाळत घालत होती, तिने सांगितलं की माणसं संध्याकाळनंतर एकेक करून येतात, पण शिफ्ट असली तर तेव्हाही नाही. मग तिनेच तोडगा काढून दिला. "पाणी येईल त्या दिवशी सकाळी या, मिस. पाण्याला सगळे असतात."

कावेरीचं पाणी त्या भागात दिवसाआड सकाळी येतं. मी उजाडता उजाडता वठारात पोचले. अंगणात प्लास्टिकच्या घागरींची रांग लागली होती, आणि घागरींमागे माणसं. कुणी दात घासत होतं, कुणी कडेवरच्या पोराला थोपटत होतं. मी नळापाशी उभी राहिले आणि कशाला आले ते सांगितलं.

मग एकदम सगळे बोलू लागले.

"नाव काढणार म्हणजे? रेशन पण जाणार?"

"रेशनचा संबंध नाही," मी म्हटलं. "आणि काढणार असं मी म्हटलेलं नाही. कुणीतरी अर्ज दिलाय की तुम्ही इथे राहत नाही. मी बघायला आलेय."

डबा द्यायला आलेली ती बाई घागर खाली ठेवून पुढे आली. तिचा आवाज चढला नाही, पण ती प्रत्येक शब्द वेगळा करून बोलली. "मी इथेच बाळंत झाले, मिस. दोन्ही वेळा. मी कुठे गेले?"

मी एकेकाला बोलावलं, कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवला, घर बघितलं, सही घेतली. ज्यांना उशीर होत होता त्यांना आधी सोडलं. पाणी थांबलं तरी रांग होती. कुणी चहा आणून दिला, तो मी उभ्यानेच प्यायले.

सगळे अर्ज खोटे होते असं मात्र नाही, आणि हे सांगितलं पाहिजे. एक कुटुंब खरंच गेलं होतं. नवऱ्याला होसकोट्याच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून ते तिकडे राहायला गेले होते. आणि शेवटच्या घरातले म्हातारे आजोबा पावसाळ्यानंतर वारले होते. त्यांची सून दारात उभी होती. मी मृत्यूचा दाखला मागितला तर तिने तो लगेच आणला नाही.

"राहू दे की मिस त्यांचं नाव," ती म्हणाली. "कुणाला त्रास आहे त्याचा? दर वेळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून सगळ्यांच्या आधी जायचे. यादीत तेवढं तरी राहू दे."

तिच्या सासऱ्यांना मीही पाहिलेलं होतं. केंद्र उघडायच्या आधी ते पायरीवर बसलेले असत. पण नाव तसंच ठेवलं तर एखाद्या दिवशी दुसरंच कुणी त्या नावावर मत देऊन जाईल, असं मी तिला समजावलं. "त्यांच्या नावावर दुसरं कुणी नको," म्हणाली आणि आत जाऊन दाखला घेऊन आली.

वठारातून निघाले ती सरळ मामांच्या दुकानात गेले. रागावलेलीच होते. मामा काज करत बसले होते. मला बघून त्यांनी मशीन थांबवलं.

"ये गं अम्मा. स्वल्प बस. चहा सांगतो."

"चहा नको. मामा, वठारातल्या लोकांची नावं काढा म्हणून तुम्ही अर्ज दिलात?"

"कुठली नावं?"

"मतदार यादीतली. सगळ्यांची. तुमच्या नावाने अर्ज आलेत."

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. माझा चेहरा बघून ही थट्टा नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "मी कशाला देऊ? मला ते कसे देतात तेही माहीत नाही. त्या पोरांच्या पँटा या बघ, इथे टांगल्यात."

मी फोन पुढे केला. त्यांनी आपलं नाव वाचलं, आपल्या कार्डाचा नंबर वाचला, आणि मग हळूहळू त्यांना आठवत गेलं. मागे दोघं जण दुकानात आले होते. वयस्कर माणसांना आरोग्याचं कार्ड काढून देतो म्हणाले. मामांनी मतदार ओळखपत्र दाखवलं, त्याचा फोटो त्यांनी काढून घेतला. नंतर मामांच्या फोनवर एक नंबर आला, तो त्यांनी विचारला, मामांनी वाचून दाखवला. मग पुन्हा एक आला, तोही वाचून दाखवला. पोरं बोलायला इतकी चांगली होती की मामांनी त्यांना कॉफी पाजली.

"कार्ड आलं का?" मी विचारलं.

"अजून नाही." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. माझा राग तिथेच उतरला.

मग ते म्हणाले, "हे वठारात कुणाला बोलू नकोस."

"मी नाही बोलणार. पण कचेरीतून नोटिसा जातील मामा. त्यावर तुमचं नाव असेल."

मी निघाले तेव्हा मशीन अजून थांबलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून जाताना बघितलं तर दुकानाचं शटर खाली होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

त्या आठवड्यात रविवारी मी रस्त्यापलीकडच्या अपार्टमेंटमध्ये गेले. तिकडचा एकही अर्ज नव्हता, पण मला माझी हद्द पूर्ण बघायची होती. वॉचमनने वहीत सही घेतली, कुणाकडे जायचंय विचारलं. सगळ्यांकडे म्हटल्यावर तो गोंधळला. मजल्यामागून मजले चढले. यादीतल्या नावाचा माणूस दारात भेटणं तिथे विरळाच. कुणी हैदराबादला गेलेलं, कुणी परदेशात, कुणी घर विकून शहराच्या दुसऱ्या टोकाला. आता राहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची नावं यादीत नव्हतीच. एका दारावर मराठी पाटी दिसली. पुण्याची एक तरुण मुलगी कानात इअरफोन घालून बाहेर आली. मी मराठीत बोलल्यावर तिला फार आनंद झाला.

"काकू, अ‍ॅक्च्युअली माझं नाव दोन्हीकडे आहे," ती म्हणाली. "पुण्याला पण आणि इथे पण. चालतं ना?"

"नाही चालत," मी म्हटलं. "एक ठेव. कुठलं ठेवायचं ते तू ठरव."

"पण मी दोन्हीकडे व्होट थोडीच करणारे?"

"तू नाही करणार गं. पण यादीत दोन माणसं दिसतात आणि तू एकच आहेस."

तिने आत बोलावून बसवलं, पाणी दिलं, आणि माझ्यासमोरच फोनवर पुण्याचं नाव रद्द करायचा अर्ज भरला. मला तिचं कौतुक वाटलं. खाली उतरताना मात्र एकच विचार मनात होता : जिथे खरंच निम्मी माणसं जागेवर नाहीत, तिथल्या कुणाबद्दल कुणाची तक्रार नाही. आणि जिथे सगळी जागेवर आहेत, तिथे गठ्ठ्याने अर्ज.

दोन दिवसांनी माझा एक जुना विद्यार्थी शाळेत आला. एके काळी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. अभ्यासात बेताचा, भाषणात पहिला. आता त्याचे पाण्याचे टँकर आहेत आणि निवडणूक आली की तो एका उमेदवाराचं आमच्या भागातलं काम बघतो. पांढरा शर्ट, हातात दोन फोन. वर्गात कुणी नव्हतं. तो वाकून पाया पडला आणि कन्नडात म्हणाला, "मिस, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. बस."

तो मुलांच्या बाकावर बसला, गुडघे पोटाशी येत होते. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "त्या वठारातल्या अर्जांचं काही लिहून पाठवलंत का?"

"पाठवलं."

"काय लिहिलंत?"

"माणसं राहतात, असं लिहिलं. जी राहत नाहीत त्यांचं राहत नाहीत असं लिहिलं."

तो हसला. "यादी शुद्ध व्हायला नको का मिस? सगळीकडे तेच चाललंय. ही माणसं बाहेरची. त्यांचं मत त्यांच्या गावी असावं."

"त्यांची मुलं कुठल्या शाळेत आहेत?"

"तुमच्याच."

"मग ती बाहेरची कशी? आणि यादी शुद्धच करायची तर समोरच्या अपार्टमेंटमधून का नाही सुरुवात केलीत? मी परवाच जाऊन आले. तिथे काम भरपूर आहे."

तो फळ्याकडे बघायला लागला. मी त्याला सरळ विचारलं, "हे अर्ज तुम्ही लोकांनी भरले का?"

"मला माहीत नाही, मिस," तो म्हणाला, तसाच फळ्याकडे बघत.

ते खरं होतं की नाही ते मला आजही माहीत नाही. उठताना तो काळजीच्या आवाजात म्हणाला, "तुमच्या निवृत्तीला दोन-तीन वर्षंच राहिलीत ना? या वयात बदली झाली, बोम्मसंद्र्यासारखं लांब टाकलं, तर रोज जाणं-येणं फार होईल. म्हणून म्हटलं."

बोम्मसंद्रा म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी निघालं तर शाळेची घंटा झाल्यावरच पोचायचं. तो धमकी देत होता हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी म्हटलं, "तिथेही शाळा आहे आणि तिथेही मतदार यादी आहे. मला काय फरक पडतो?"

तो पुन्हा पाया पडला आणि गेला. चौथीत असताना या मुलाला बोलायला उभं करून मीच धीट केलं होतं, आणि आता तो ती धिटाई माझ्यावर चालवत होता.

घरी गेल्यावर यजमानांना सांगितलं. ते बस डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बदली करतील खरंच?"

"करतीलही."

"सरी, ठीक आहे. मग मी स्कूटर दुरुस्त करून ठेवतो. मेट्रोपर्यंत सोडीन." एवढंच. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

मामांचं काय चाललंय ते मला शेजाऱ्यांकडून कळत होतं. दुकान बंद, जेवण कमी, कुणाशी बोलणं नाही. सुनावणीच्या नोटिसा निघायच्या होत्या. आणि मग एका सकाळी ती डब्याची बाई मला शाळेच्या फाटकाशी थांबवून म्हणाली, "टेलरअण्णा आले होते काल. पाण्याच्या वेळी."

मामा स्वतःहून वठारात गेले होते. नळापाशी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, की अर्जांवर माझं नाव आहे, मी ते दिलेले नाहीत, पण माझं कार्ड आणि माझा फोन वापरला गेला आणि त्यावर आलेला नंबर मीच वाचून दाखवला. नोटिशीवर नाव बघून तुम्हाला कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

"मग लोक काय म्हणाले?"

"काही जण चिडले. माझ्या दिराने त्यांना निघून जा म्हटलं. इतकी वर्षं इथे बसून हे केलंत, म्हणाला. अण्णा तिथेच उभे राहिले." ती जराशी हसली. "मग आमच्या सासूबाईंनी विचारलं, ते सगळं असू दे, नातवाची पँट कधी देणार?"

त्या दुपारी शटर वर गेलेलं मी पाहिलं.

सुनावणीच्या दिवशी यजमानांनी मला आणि मामांना रिक्षात बसवलं आणि स्वतः स्कूटरवरून मागे आले. मतदार नोंदणीच्या कचेरीत व्हरांडा भरलेला होता. वठारातली सगळी माणसं येऊ शकली नव्हती. कारखान्यातून सुटी कुणाला मिळते, कुणाला नाही. पण बऱ्याच बायका आल्या होत्या, कामावर जायच्या साड्यांत, पिशव्यांत कार्डं आणि शाळेचे दाखले घेऊन. डब्याच्या बाईचा दीरही आला होता. तो मामांपासून लांब, खांबाला टेकून उभा होता.

अधिकारी तरुण बाई होत्या. आमच्या भागात नव्या, पण कागद वाचून आलेल्या. त्यांनी आधी मामांना बोलावलं.

मामा पुढे गेले. मला वाटलं होतं ते अडखळतील. ते सरळ उभे राहिले आणि कन्नडात म्हणाले, "हे अर्ज मी दिलेले नाहीत. आरोग्याचं कार्ड देतो म्हणून माझ्याकडून नंबर घेतला. मी वाचून दाखवला, ती चूक माझी. पण ही माणसं मी ओळखतो. यांच्या मुलांची मापं माझ्याकडे आहेत, दर वर्षी वाढवून शिवतो. ती दुसरीकडे राहत असती तर मला कळलं असतं."

"तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"दबाव कुणाचा नाही. लाज होती, ती आता नाही," मामा म्हणाले.

मग अधिकारी बाईंनी माझा अहवाल उघडला आणि एकेक नाव विचारत गेल्या. मी सांगत गेले. ही मंडळी होसकोट्याला गेली, यांचं नाव तिकडे नोंदवायला सांगितलंय. हे वारले, दाखला जोडलाय. ही इथेच, समोर उभी आहे. हा आज शिफ्टला आहे, परवा मी त्याला घरात पाहिलं. शेवटी त्यांनी विचारलं, "टीचर, सगळ्यांची खात्री आहे तुम्हाला?"

"आहे," मी म्हटलं. "आणि मॅडम, रस्त्यापलीकडच्या अपार्टमेंटचंही लिहून दिलंय. तिकडे बरीच नावं खरंच काढावी लागतील, आणि बरीच घालावी लागतील."

त्यांनी ते पानही बघितलं. मग मामांच्या नावाचे सगळे अर्ज फेटाळले, गेलेल्या कुटुंबाचं आणि आजोबांचं माझ्या अहवालावरून नियमाप्रमाणे करायला सांगितलं, आणि खोटे अर्ज कुणी भरले याची तक्रार पोलिसांत द्यायला स्वतःच्या कारकुनाला बसवलं. बाहेर आल्यावर बायकांनी मला घेरलं. मामा एकटेच जिन्याकडे निघाले होते. डब्याच्या बाईचा दीर खांबापासून निघून त्यांच्याबरोबर खाली उतरला. जिना उंच होता आणि त्याने मामांच्या कोपराला हात दिला होता.

पोलिसांच्या तक्रारीचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. दोन हवालदार मामांकडे येऊन जबाब घेऊन गेले, ती दोन चांगली बोलणारी पोरं पुन्हा कुणाला दिसली नाहीत. माझी बदलीही झाली नाही. कुणी खटपट केली आणि जमलं नाही, की केलीच नाही, हे मी शोधायला गेले नाही. अपार्टमेंटचं काम मात्र मी पुरं केलं. त्या पुण्याच्या मुलीने लिफ्टपाशी एक सूचना लावली, इंग्रजीत आणि कन्नडात, आणि लोक स्वतःहून खाली येऊन मला भेटू लागले. तिचं कन्नड कच्चं होतं. मी एका ठिकाणी काना दुरुस्त करून दिला.

मतदानाच्या दिवशी मी केंद्राबाहेर मदतीच्या टेबलावर होते. पहिल्या तासातच वठारातल्या बायका आल्या, कारखान्याने सुटी दिली होती तरी सवयीने लवकर उठलेल्या. रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली. माझा जुना विद्यार्थीही त्याच रांगेत होता, तो याच केंद्राचा मतदार. त्याच्या पुढे डब्याची बाई, मागे तिची सासू. सासूबाईंना उभं राहवत नव्हतं म्हणून त्याने शाळेतून एक खुर्ची आणून दिली. माझ्या टेबलापाशी आल्यावर त्याने नमस्कार केला.

"रागावलात का मिस?"

"तुझा अनुक्रमांक बघू," मी म्हटलं. त्याने चिठ्ठी पुढे केली. मी यादीत बोट फिरवलं, नाव होतं, पत्ता बरोबर होता, फोटो जुना पण त्याचाच होता. "दुसरी खोली. जा."

कुणी कुणाला मत दिलं ते मी कधी विचारत नाही, त्या दिवशीही विचारलं नाही. संध्याकाळी यंत्रं सील झाली आणि गाडी गेली. पाय सुजले होते. घरी गेले तर यजमानांनी सारू-भात करून ठेवला होता आणि पापड तळायला कढई चढवली होती. मी हात धुऊन बसले. त्यांनी विचारलं, "यादीत किती घोळ निघाले?"

"एकही नाही," मी म्हटलं आणि पान वाढून घेतलं.